तिला हुंगू दी

आण्णा, काल आमच्या शाळेत एक बाई आल्या होत्या. शिक्षकांवर फार ताण आहे असं वर कुणाच्या तरी लक्षात आलं, म्हणून मधल्या सुट्टीनंतर आम्हा सगळ्यांना हॉलमध्ये सतरंजीवर बसवलं. विषय होता, पाळीव प्राण्यांकडून सजगपणे जगायला कसं शिकावं. पडद्यावर उन्हात लोळणारी मांजर दाखवली, मालकाच्या पायाशी झोपलेला कुत्रा दाखवला, मग डोळे मिटायला लावले आणि बाई गोड आवाजात म्हणाल्या, "बघा, प्राणी झाल्यागेल्याचं ओझं बाळगत नाहीत. ते फक्त आत्ताच्या क्षणात असतात. आपणही सोडून द्यायला शिकूया." माझ्या शेजारच्या बाईंनी मोठा उसासा टाकला, त्यांना बरं वाटलं असावं. माझ्या मात्र मस्तकात तिडीक गेली. हेच मी आधी ऐकलेलं होतं, तुमच्या तोंडून, लहानपणी. आईला तुम्ही ते ज्या दिवशी ऐकवलंत त्या दिवसापासून तुमच्याविषयी माझ्या मनात जे बसलंय, ते तुम्ही जाऊन वीसेक वर्षं झाली तरी तसूभर हललेलं नाही. काल घरी आले, वह्यांचा गठ्ठा बाजूला सारला आणि हे लिहायला बसले.

तुमच्यावर अन्याय नको, म्हणून आधी चांगलं सांगून टाकते. जनावरातलं तुम्हाला कळायचं. तिसगावच्या आसपास कुणाला म्हैस घ्यायची असली की घोडेगावच्या बाजाराला जाताना ते तुम्हाला टेम्पोत पुढे बसवून न्यायचे. एकदोनदा मीही आले होते. बाकीचे लोक शिंगं बघायचे, कास चाचपायचे, दलालाशी हुज्जत घालायचे. तुम्ही म्हशीसमोर उकिडवे बसून नुसते बघत राहायचात. ती रवंथ कशी करते, माशी बसली की कातडी कुठून थरथरवते, मागचा कुठला पाय हलका टेकते. चहा येऊन गार झाला तरी तुमची नजर हलायची नाही. कालच्या बाईंना भेटला असतात तर त्यांनी पडद्यावर तुमचाच फोटो लावला असता! गोठ्यात शिरलात की तुम्ही पुरते तिथले व्हायचात आणि उंबरा ओलांडून घरात आलात की कुठलेच नसायचात. म्हशीचा कान गार लागला तर अर्ध्या भाकरीवरून उठायचात, आणि आईला चार दिवस ताप आहे हे तुम्हाला ती चुलीपुढे आडवी झाली तेव्हा कळलं. तेव्हाही तुम्ही आधी विचारलंत, धारा कोण काढणार.

मी तिसरीत होते तेव्हा आपल्या म्हशीचं रेडकू मेलं. रेडकू पुढे नसेल तर म्हैस पान्हा सोडत नाही, आणि पान्हा नाही तर डेअरीला घालायला दूध नाही. मग आपल्याकडे तेव्हा सगळेच करायचे ते तुम्ही केलंत. रेडकाचं कातडं काढून घेतलं, मीठ चोळून वाळवलं, आत भुसकट कोंबलं, सुतळीनं पोट शिवलं आणि चार काठ्यांवर ते उभं केलं. डोळ्यांच्या जागी नुसती भोकं होती. धारेच्या वेळी ते म्हशीपुढे धरून उभं राहायचं काम माझ्याकडे आलं. आई खाली चरवी घेऊन बसायची, मी पुढे ते भुसकटाचं रेडकू धरून. म्हैस त्याला चाटायची, खाली धार वाजायला लागायची आणि तुम्ही दारातून खुशीत म्हणायचात, "बघ, कशी माया करती. जनावराला काय, म्होरं दिसतंय तेवढं खरं."

मी तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर असायचे, आण्णा. ती चाटायची ते मीठ होतं. मीठ संपलं की ती थांबायची, शिवणीला नाक लावायची, जोरात श्वास सोडायची आणि मान वळवून फाटकाकडे बघायची. रेडकू त्याच फाटकातून ओढत बाहेर नेलं होतं. मग हलकंच एकदा रेकायची. म्हशीच्या मनातलं मला कळतं असा माझा दावा नाही, पण विसरलेलं जनावर असं बघत नसतं. आणि कातडीच्या थरथरीवरून दुखणं ओळखणाऱ्या माणसाला हे दिसलं नसेल, हे मला कुणी कितीही सांगितलं तरी पटायचं नाही. दूध येत होतं, म्हणून तुम्ही तिकडे काणाडोळा केलात.

त्याच वर्षी थंडीत आईला मुलगा झाला. पाचवी पुजली, आणि बारशाच्या आत, नाव ठेवायच्याही आधी तो गेला. आईच्या अंगात ताप होता. शेजारची काकू तिच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होती. आईचा जरा डोळा लागला तेवढ्यात तुम्ही तिच्या कुशीतून त्याला उचललंत, उपरण्यात गुंडाळलंत आणि निघालात. अंगणात चुलते कुदळ घेऊन उभे होते. मी ओट्यावर होते, तुम्ही माझ्यासमोरून गेलात. आई जागी झाली तर कूस रिकामी. आधी तिनं गोधडी चाचपली. मग वाकून बाजेखाली बघितलं. बाजेखाली! तुम्ही ते बघितलं नाहीत, मी बघितलं. काकूनं तिला धरून परत झोपवलं आणि काय झालं ते कानात सांगितलं.

तुम्ही परत आलात, रांजणाशी हातपाय धुतलेत. आई आतूनच म्हणाली, "मला दावायचं तरी एकडाव. कुठं ठिवलं त्याला?" तुम्ही उपरणं नसलेल्या उघड्या खांद्यांनी दारात उभे राहिलात आणि म्हणालात, "कशाला पायजे तुला? झालं ते झालं. गोठ्यात बघ जरा. रेडकू मेलं तरी चार दिसांत वैरणीला लागली म्हस. जनावर बरं, मागचं धरून बसत न्हाई. इसर आता." काकू तुमच्याकडे बघत राहिली, तिला तुमच्यापुढे बोलायची सोय नव्हती.

काकूनं आईच्या छातीला जुन्या लुगड्याची पट्टी आवळून बांधली होती, तरी दूध झिरपून चोळी भिजायची. महिन्याभरात ती त्याच म्हशीखाली धारेला बसली, आणि पुढे मी, तेच भुसकटाचं रेडकू हातात धरून. तुम्ही दारात. म्हशीला निदान भुसकटाचं तरी काहीतरी पुढे केलंत, आईला तेवढंही नाही. पुढे कधी कुणाच्या बारशाला जाऊन आली आणि उंबऱ्यात जरा टेकली, की तुमचं सुरू व्हायचं, "तोंड पाडून बसू नगं, दिवेलागनीची येळ हाय." आत्ताच्या क्षणात जगणं तुमच्यासारख्या माणसाला फार सोयीचं पडतं. करायचं आपण आणि मागचं सोडून दे म्हणून सांगायचं दुसऱ्याला, वर त्यात मुक्या जनावराची साक्ष काढायची, म्हणजे ते उलटून बोलायला येणार नाही.

आई आता माझ्याकडे नगरला असते. यंदा दिवाळीच्या सुट्टीत आमच्या मागच्या गॅलरीत एक मांजर व्याली. आईनं तिला आपली जुनी साडी अंथरून दिली, सकाळचं दूध चहाच्या आधी तिच्या ताटलीत. आठवडाभरात त्यातलं एक पिल्लू सकाळी मरून पडलेलं दिसलं. मांजर कुठे बाहेर गेली होती. ती यायच्या आत उरकून टाकावं म्हणून मी पिल्लू पेपरात गुंडाळलं आणि खाली कचऱ्याची गाडी वाजत होती तिकडे निघाले. आई माझ्या अंगावर धावून आली. गुडघे धरून चालणारी बाई, पण दार अडवून उभी राहिली. "ठिव ते खाली," ती म्हणाली, "तिला येऊ दी. तिला बघू दी, हुंगू दी. न्हाई तर घरभर हुडकीत फिरंल ती." तिचा असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. मी पेपर उघडून पिल्लू साडीवर ठेवलं.

मांजर आली. तिनं त्याला हुंगलं, चाटलं, पंजानं हलवून बघितलं, परत चाटलं आणि त्याच्याजवळ बसून राहिली. आई शेजारी पाटावर बसली. बोलली नाही, हात लावला नाही, की च्च च्च केलं नाही. आत कुकरच्या शिट्ट्या झाल्या, फोन वाजला, दोघींपैकी कुणीही हललं नाही. बऱ्याच वेळानं मांजर आपली आपण उठली, उरलेल्या पिल्लांपाशी गेली आणि आडवी झाली. पिल्लं लुचायला लागली. मी हात पुढे केला तेव्हा तिनं मेलेलं पिल्लू उचलू दिलं, गुरगुरलीसुद्धा नाही. सजग जगायचं म्हणजे काय हे मला शिकायचंच होतं तर ते मी त्या गॅलरीत शिकले, आणि त्यात विसरणं कुठेही नव्हतं. तिला बघायचं होतं, तिनं बघितलं, पुरतं बघून झाल्यावर ती उठली. पेपराची घडी घालता घालता आई म्हणाली, "मला न्हाई बघू दिलं." आणि थोड्या वेळानं, "कुठं हाय ते तरी इचार कुनाला. मी मरायच्या आत."

दुसऱ्याच दिवशी मी एसटीनं गावाकडे गेले. चुलते आता अंथरुणावरच असतात, ऐकायला कमी येतं. मला ओरडून विचारावं लागलं, सगळ्या आळीला ऐकू गेलं आणि मला त्याचं बरंच वाटलं. "बांधावरच्या लिंबाखाली," चुलते म्हणाले. "तुझी आई न्ह्यारीला बसायची न्हाई का, तिथंच. मी तुझ्या बापाला म्हनलो हुतो, वैनीला सांग म्हून. त्यो म्हनला, मग ती तिथून उठायचीच न्हाई." नंतर तुमची बाजू सावरायला म्हणून त्यांनी सांगितलं, की त्या जागेवर तुम्ही शेवटपर्यंत नांगर घालू दिला नाहीत. त्यांना वाटलं मी विरघळेन. मला उलट तिथल्या तिथे काहीतरी फोडावंसं वाटलं. खुरपणीच्या, काढणीच्या दिवसांत आई त्या लिंबाखाली फडकं सोडून बसायची आणि तुम्ही समोर बसून बुक्कीनं कांदा फोडायचात. तुम्हाला माहीत होतं ती कुठे बसलीय. घास कसा उतरायचा तुमच्या घशाखाली? म्हणजे विसरले तुम्हीही नव्हतात. स्वतःला आठवायला जागा राखून ठेवलीत आणि विसरायचं काम तिच्यावर टाकलंत.

आईला सांगितलं तेव्हा ती मेथी निवडत होती. मला वाटलं आता ती फुटेल, तुम्हाला शिव्या घालेल, मी तर त्याला तयारच होते, किंबहुना वाटच बघत होते. तिचा हात थांबला. "त्या लिंबाखाली? तिथं तर मी रोज बसायची," ती म्हणाली. मग, "म्हंजी माज्याजवळच हुतं की गं ते." आणि ती रडली, मोठ्यानं, मेथीच्या काड्या मुठीत तशाच धरून. रविवारी गाडी करून मी तिला शेतात नेलं. तिनं लिंबोळ्या आणि पालापाचोळा हातानं बाजूला केला, मातीवर तळवा ठेवला आणि बसली. मी घाई केली नाही. ऊन कलल्यावर तिनं बरोबर आणलेली भाकरी सोडली, अर्धी मला दिली आणि म्हणाली, "तुज्या बापाला सांगता आलं न्हाई. त्याला कुठं काय सांगता यायचं!" चक्क हसली. तुम्हाला माफ करून मोकळी झाली ती, एका भाकरीत.

आत्ता ती आतून विचारतेय काय लिहितेस एवढं, आणि मी वह्या तपासतेय म्हणून सांगितलं. हे मी तिला वाचून दाखवणार नाही, तिच्या कामाचं यात काही उरलेलं नाही. त्या दिवशी बांधावर मला तिचाही राग आला, आण्णा. इतकी वर्षं मी समजत होते की हा राग मी तिच्यासाठी सांभाळतेय, आणि तिला तर तो नकोच होता. मग इतके दिवस मी कुणाच्या नावानं चिडत होते, याचाच विचार मी परत येताना गाडीत करत होते. तुम्ही उपरणं घेऊन माझ्यासमोरून गेलात तेव्हा मी आठ वर्षांची होते, आणि मलाही माझा भाऊ बघायचा होता.