अठरा फुटी फ्लेक्सवरचा चौकोनी कंस

आगरदांडा,
गुरुवार, १३ नोव्हेंबर

ती. सुचिताआत्यास,

तेजस्वीचा वाकून नमस्कार, आणि लगोलग एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की जेटीवरचा तुळशीरामकाकांचा फ्लेक्स वीस फुटी आहे. तो अठरा फूट चार इंच आहे. काल टेप लावून मोजला (दुसरं टोक फेरीबोटीच्या तिकीटवाल्याने धरलं, कशासाठी ते त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही). तुमचा गुडघा कसा आहे? तुम्ही डावा लिहिता, आई उजवा म्हणते, तरी खुलासा व्हावा. इकडे सगळं क्षेम आहे, म्हणजे बाबा माझ्याशी बोलत नाहीत आणि काका घरात सगळ्यांशीच जरा जास्त गोड बोलतात, बाकी क्षेम.

फ्लेक्सवर काय छापलंय ते मागच्या वेळी लाजेने लिहिलं नव्हतं. तुम्हाला ठाऊक आहे, मी दोन वर्षं त्या ऑनलाइन ज्ञानकोशात पुढाऱ्यांच्या नोंदी तपासते. ‘झुंजार’, ‘लाडके’, ‘विकासपुरुष’ असे शब्द काढायचे, आणि पुरावा नसलेल्या वाक्यापुढे चौकोनी कंसात [संदर्भ हवा] अशी खूण करायची. काका माजी आमदार, त्यामुळे त्यांचीही नोंद आहे. तीत लिहिलं होतं की तरुणपणी दिघीच्या वाटेवर होडी उलटली तेव्हा त्यांनी अकरा जीव वाचवले. खाली पुरावा काहीच नाही. मी खूण केली. (पुतणीने काकांच्या नोंदीला हात लावू नये हा नियम मला नंतर आठवला. लगेच चर्चापानावर, म्हणजे नोंदीमागे संपादक आपसात बोलतात त्या पानावर, कबुली दिली.) त्याच आठवड्यात काकांचा वाढदिवस आला, आणि त्यांच्या उजव्या हाताने, म्हणजे विनेशने, नोंदीतला मजकूर खुणेसकट उचलून फ्लेक्सवाल्याला पाठवला. आता जेटीवर उतरणाऱ्या प्रत्येकाला दिसतं: ‘अकरा जिवांचे तारणहार [संदर्भ हवा] तुळशीरामभाऊ’.

मला वाटलं होतं, लोक हसतील. कोणी हसलं नाही. मासळीच्या पाट्या घेऊन बसलेल्या बायकांत चर्चा मात्र झाली. एकीने विचारलं, भाऊंना नवीन पदवी भेटली काय. दुसरी म्हणाली, “व्हय तर. कंसात हाय म्हंजे सरकारीच असनार.” तीन दिवसांत समोरच्या पक्षाच्या धर्माजींची माणसं घरी आली. त्यांच्या साहेबांना हे का नाही, अशी त्यांची तक्रार. मी निःपक्षपातीपणाने धर्माजींची नोंद उघडली, तर तिथे चार ठिकाणी गरज होती. चार खुणा केल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून शाल आणि नारळ आला, आणि चारही खुणांसकट त्यांचा फ्लेक्स काकांच्या शेजारी लागला. शाल मी परत केली. नारळ आईने तोवर खवला होता. त्याचीही नोंद मी चर्चापानावर केली आहे.

मग काका आले. ओटीवर बसले, पाणी प्याले आणि शांतपणे म्हणाले, “धर्माजीला चार, मला एक. आनि तो बी घरच्या पोरीकडून?” मी सगळं समजावलं. खूण म्हणजे मान नव्हे, मागणी आहे, हे कळल्यावर त्यांनी तांब्या खाली ठेवला. (बाबांचा अबोला इथून सुरू.) यंदा ते पुन्हा उभे आहेत, आणि आत्या, त्या अकरा जिवांखेरीज त्यांच्या प्रचारात फारसं काही नाही. “पुरावा हाय,” ते म्हणाले. “छापील हाय.”

विनेशने अलिबागच्या एका साप्ताहिकाचं कात्रण आणलं. साप्ताहिकाने ते काकांच्या पन्नाशीच्या गौरव अंकातून घेतलं होतं. गौरव अंक आमच्याच माळ्यावर निघाला. पान एकतीस, बालविभाग. निबंध: ‘माझे शूर काका’. लेखिका: कु. तेजस्वी, वय नऊ.

आत्या, पंधरा वर्षं सगळा किनारा ज्या आकड्यावर विश्वास ठेवून आहे, तो माझ्या वहीतला. दम्यामुळे मी शाळेत पाचवीपासून गेले, तोवर तुम्हीच शिकवलं. “मांजर दूध प्यायली” म्हटलं तरी “कोणी पाहिलं?” विचारणाऱ्या तुम्ही. ती वही शोधली. त्या वाक्याखाली तुमच्या लाल शाईत आहे: ‘छान. पण अकरा हे कोणी सांगितलं?’ छापणाऱ्याने निबंध घेतला, लाल शाई सोडली. उत्तर मी आजवर दिलेलं नाही. आता देते: कोणीच नाही. तेव्हा मला क्रिकेटचा नाद होता.

आता मी हे चर्चापानावर लिहिलं तर काकांचं हसं होणार, आणि नाही लिहिलं तर ज्ञानकोशात एक खोटं राहणार, ज्याची आई मीच. काल रात्रीचं जेवण मला गेलं नाही. (दुपारचं गेलं; सुरमई होती.)

हे पत्र विनेशबरोबर पाठवते आहे, म्हणून पाकिटाच्या तोंडावर तीन ठिकाणी सही करणार आहे. तुटलेली दिसल्यास कळवावे.

तुमची
तेजस्वी

ता. क. वही मी काकांना दाखवली. ओरडतील असं वाटलं होतं. ते ओरडले नाहीत, हसलेही नाहीत. म्हणाले, “मी तरी कुठं मोजले? तुझ्या निबंदात वाचलं. सुचीनं शिकवलेली पोर, म्हंजे सुचीनंच सांगितलं असंल, असं वाटलं.”

आणखी ता. क. जाता जाता ते पायरीवर थांबले आणि म्हणाले, त्यांना त्या दिवसाचा फक्त एक हात आठवतो, आणि तो तुमचा. तुम्ही त्या होडीत होतात हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. म्हणून विचारते, आणि एवढ्यासाठीच हे पत्र आहे: काकांनी तुम्हाला ओढलं, की तुम्ही काकांना? बाकीचे कितीजण होते? तुमचं पत्र संदर्भ म्हणून चालणार नाही, छापून यावं लागेल. त्या साप्ताहिकाची वार्ताहर प्रणाली सोमवारी किहीमला तुमच्याकडे येऊन दोघांचंही ऐकायला तयार आहे, आणि काका येतो म्हणाले आहेत, एकटे, विनेशशिवाय. अंक बुधवारी निघतो. त्यात जे येईल ते, आणि काहीच आलं नाही तर माझ्या नवव्या वर्षीच्या निबंधाची हकिकत, मी माझ्या नावानिशी चर्चापानावर ठेवणार आहे, गुरुवारी, २० नोव्हेंबरला, सकाळी दहा वाजता.