शेवंताचा सहा

सोमवार, ३ नोव्हेंबर
सगळ्याच्या आधी शेजारची शेवंता टपकली. मंग तिची जाऊ, मंग अर्धा मोहल्ला. माहा नवा डोळा पाहाले! जशी नवरीच बसली हाय घरात. शेवंताचा अन् माहा मोतीबिंदू एकाच दिवशी काढला. माहा दुसरा डोळा त कधीचाच गेला. ती म्हणे, "बाई, घरातले जाळे दिसून राहिले आता. कायले केलं ऑपरेशन!" लय हासलो. चहा दोनदा झाला.
नात मांडीवर. तिच्या गालाले खळी पडते, हे मले आताच समजलं. दोन दात आले. सून सविता धान कापाले जाईन, लेकरू दिवसभर माह्यापाशी. अजून काय पायजे.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
वहीची ओळ मधातच वाकडी दिसते. वही ओली झाली असन.
नातीकडे पाहिलं का कान दिसते, केस दिसते, मधात नाक नाही. कोणी पुसल्यावाणी. खळी पण नाही. सविताले सांगतलं नाही. सांगतलं त लेकराले आपल्या आईकडे लाखनीले ठेवन.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
विहारापाशी दवाखान्याची डोळे तपासाची गाडी आली. शेवंताचा नंबर माह्या आधी. तक्त्यावरचे आकडे किती मोठ्यानं वाचते बाई! मी पाठ करून घेतले. चौथीपर्यंत पाढ्यात पयली होती मी. धडाधड म्हणून टाकले. एकच चुकला म्हणे. डॉ. खुश.
मंग पल्लवी नावाच्या पोट्टीनं मशीनवर डोळ्याच्या मागच्या पडद्याचा फोटो काढला. पडद्यावर सूज निघाली. डॉ. तिच्यावरच चिडले, "आजी शेवटची ओळ वाचतात. अशी सूज असती तर वाचली असती का? फोटो नीट काढत जा." सगळ्यासमोर. ती हळूच म्हणे, "सर, दोनदा काढला." मंग मशीन पुसाले लागली.
मी पदर सावरून गाडीतून उतरली.
येताना शेवंता म्हणे, "मी तीनले सहा म्हणलं होतं, चष्मा लावल्यावर समजलं. तू बी सहाच म्हणलं. काहून वं?"
"निघालं तोंडातून."
त्या पोट्टीचं तोंड मले दिसलंच नाही नीट. आवाज मात्र कानातून जात नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर
सविता कापणीवर. नात माह्या समोर बसून काही चघळत होती. मी म्हणलं, दात शिवशिवत असतीन. शेवंता आली अन् बोट घालून काढलं. शर्टाचं बटन.
"तुह्या समोर त बसली होती!"
"हाव."
लेकरू हासून राहिलं. मी बटन पदराले बांधलं.
आज सविताले सांगीन. जेवणं झाल्यावर.
जेवणं झाली. थकून आली होती बिचारी, झोपली. अन् मी

रविवार, १६ नोव्हेंबर
पल्लवी अन् गाडीवरच्या सिस्टर घरी आल्या. तो फोटो तिच्या मनातून जात नाही म्हणे. मले विचारलं, "आजी, मधात पुसल्यासारखं दिसते का? आताच औषध सुरू केलं तर सूज उतरते. उशीर झाला तर..."
मी तोंड उघडलं. त्याच्या आधी सविताच बोलली, "आईले सगळं दिसते! लेकरू कोणाच्या भरवशावर ठेवलं मी?" किती कौतुकानं.
मी चहा ठेवाले उठली. साखर सांडली.
जाताना पल्लवीनं माहा हात धरला. सविता आत होती. हळूच म्हणे, "तक्ता नवा आणतो, आजी."
मंगळवारी येतो म्हणाल्या. पयला नंबर माहा. शेवंता मागं.