दाराला चिकटवलेला कागद

३ मार्च, मंगळवार. शॉमबर्ग

खोटं! धडधडीत खोटं! दुपारभर हॉलमध्ये बसून होतो, टीव्हीसुद्धा बंद. चारला दार उघडलं तर बाहेर कुरियरवाल्याची चिठ्ठी चिकटवलेली — 'आलो होतो, घरी कोणी नव्हतं.' अरे, बेल वाजवायला बोट झिजतं का तुझं? संध्याकाळी नेत्रा म्हणाली, "बाबा, जाऊ द्या ना. उद्या परत येईल." जाऊ द्या म्हणे! नागपूरच्या कोर्टात एकतीस वर्षं बेलिफ होतो मी. घरोघरी समन्स पोचवलीत. न वाजवलेली बेल मला कळते.

५ मार्च

लायब्ररीत अमेरिकन सिटिझनशिपचा क्लास. शिकवणारा वॉल्टर, रिटायर्ड पाद्री, फुकट शिकवतो. (फुकट का? विचारायला हवं.) आजचा प्रश्न — कायद्याचं राज्य म्हणजे काय? उत्तर पाठ करायचं : कायद्याच्या वर कोणीही नाही. पुढे त्याची स्वतःची पुस्ती — हा कायदा माणसानं केलेला नाही, देवानं डोंगरावर दगडात कोरून दिला, बायबलात आहे म्हणे. मी म्हटलं, आमच्याकडे धर्म राजाच्याही वर. राजा चुकला तर त्यालाही दंड. "सेम थिंग, मिस्टर प्रल्हाद!" म्हणून खूश झाला.

मला नाही पटत. कोर्टात 'ईश्वरसाक्ष' म्हणत हात वर करणारे शेकडो पाहिले. निम्मे थापाडे! साक्षीदार कमी पडला की लोक देवाला उभा करतात.

८ मार्च

वहीतलं पेन काल उजवीकडे होतं, आज डावीकडे. नेत्रा वाचते की काय? वही सॉक्सच्या ड्रॉवरमध्ये हलवली.

१० मार्च

इंटरव्ह्यूची तारीख आली, २६. नेत्रानं भरलेला फॉर्म पुन्हा वाचला. एक प्रश्न असा — कधी असा गुन्हा केलात का, ज्यासाठी अटक झाली नाही? तिनं बिनधास्त 'नो' टिक केलंय. वर हसते, "बाबा, तुम्ही आणि गुन्हा!" अनिका जेवता जेवता ओरडली, "आजोबांनी माझं चॉकलेट चोरलं, दॅट्स अ क्राइम!" सगळे हसले. मीही हसलो.

मी सिटिझन झालो तरच रवींद्रला इकडे आणायचे कागद टाकता येतील. पोरगा नागपुरात दोन वर्षं नोकरीशिवाय बसलाय.

मे १९९४. नागपूरच्या महाल भागातली गल्ली, सरलाबाई नावाची विधवा. दिरानं घरासाठी दावा लावलेला. मी समन्स घेऊन गेलो होतो. कुलूप होतं. दाराला कागद चिकटवला, तसा रिपोर्ट लिहिला. नंतर वाऱ्यानं उडाला असेल, त्याला मी काय करणार? तारखेला ती आली नाही, निकाल एकतर्फी लागला, घर गेलं. मग कोर्टात रडत आली — मला कागद मिळालाच नाही, साहेब! मला साक्षीला उभं केलं. ईश्वरसाक्ष सांगितलं. न्यायाधीशांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

१२ मार्च

कुलूप होतं. मी पाहिलं होतं.

१९ मार्च

क्लास संपल्यावर वॉल्टरला गाठलं. म्हटलं, तुमच्या त्या डोंगराआधी माणसं काय बिनकायद्याची होती? तो म्हणाला, "नाही. आत कोणीतरी जाब विचारत असणारच."

हे त्यानं माझ्याकडे बघून का म्हणावं? नेत्रा त्याच्याशी बोलली? वही वाचून सांगितलं? स्पष्टच विचारलं — माझ्या मुलीला ओळखता? तो गोंधळला. "तुम्हाला मुलगी आहे?" नाटक की खरं, कळेना. एवढ्या वर्षांत खोटा चेहरा पहिल्यांदाच ओळखता आला नाही.

घरी येताना वाटलं, पहिला कायदा पोलिसाच्या भीतीनं झाला नसणार. पोलीस तर नंतर आले. कुणी बघत नसताना एखाद्या माणसानं काहीतरी केलं असणार, आणि त्याला झोप लागली नसणार. देव, धर्म, दगडावरची अक्षरं — सगळं त्याच्या पुढचं.

२५ मार्च

रवींद्रचा फोन. "बाबा, सगळं तुमच्यावर आहे हं." नेत्रानं कोट इस्त्री करून ठेवलाय. लाडाची पोर. तिच्यावर संशय घेतला, लाज वाटते. पेन मीच हलवलं असेल.

एक शब्द. 'नो'. कोण बघायला येतंय?

२६ मार्च

ऑफिसर बाईंनी उजवा हात वर करायला सांगितला. शपथ घेतली. कायद्याचं राज्य विचारलं, उत्तर बरोबर आलं. मग तो प्रश्न. नेत्रा बाहेर बाकावर होती. मी म्हणालो, "येस."

बाईंनी पेन उचललं. सगळं सांगितलं. या वहीतही जे लिहिलं नव्हतं, तेही.

त्या मे महिन्यात ऊन फार होतं. मी गल्लीच्या तोंडावरूनच परत फिरलो. तिथूनच दिसत होतं, कुलूप नव्हतं. दार सताड उघडं होतं, आणि सरलाबाई अंगणात पापड वाळत घालत होत्या.