किर्स्टीचा नवरा

५ एप्रिल, शनिवार
ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या मोसमाचा पहिला सामना. हरलो. पण माझा खेळ उत्तम. मधल्या उंच खांबांतून एकही गेला नाही हे खरं, पण बाजूच्या फटीतून चार घातले. गोलचे सहा मिळतात, फटीचा एकच. तरी थेंबे थेंबे तळे साचे.
गोल न होण्याचं कारण नवे बूट.
सदतिसावं चालू आहे. गेल्या आठवड्यात डॉक्टरांना म्हटलं, शरीर अजून एकोणतीसचं वाटतं. ते म्हणाले, कुठला भाग?
निश्चय: बिअर फक्त शनिवारी. बेकरीतली खिम्याची पेस्टी बंद. रोज पहाटे समुद्रावर पळणं. आमच्या पोर्ट कॅरू क्लबला गेल्या सोळा वर्षांत माझ्यासारखा फुल-फॉरवर्ड, म्हणजे पुढे राहून गोल मारणारा, मिळालेला नाही, आणि हा मोसम माझाच आहे.

६ एप्रिल, रविवार
पळालो नाही. भरती होती.

१३ एप्रिल, रविवार
क्लबच्या बायकांच्या संघात आज एक खेळाडू कमी पडली. त्यांची प्रशिक्षक डेब कुलूरिस सकाळीच दारात हजर. किर्स्टीला म्हणाली, चल गं, नुसती उभी राहा, संख्या भरायला. किर्स्टी पोस्टात काउंटरवर बसते आणि इतकी वर्षं नेटबॉल खेळते. नेटबॉल म्हणजे टुणटुण उड्या मारून चेंडू झेलायचा. फुटबॉलशी संबंध नाही.
मी मोठ्या मनाने म्हटलं, जा, मजा कर, मार लागला तर बर्फ आहे.
जाण्याआधी परसात चेंडू बुटावर कसा सोडायचा ते शिकवलं. तिने एकच लाथ घातली. चेंडू शेजारच्या शेडवरून पलीकडे गेला. म्हटलं, जोर आहे, पण शिस्त नाही.
संध्याकाळ: तिने तीन गोल केले. नवशिक्यांचं नशीब. शिकवणाऱ्याचंही थोडं कौतुक व्हायला हवं होतं.

२७ एप्रिल, रविवार
किर्स्टीचे पाच गोल. सर्वोत्तम खेळाडू म्हणून खाटकाकडचा मांसाचा ट्रे मिळाला. सॉसेज, चॉप्स, वर कोथिंबिरीची काडी.
मला वाईट वाटलं नाही. उलट बरंच वाटलं. रात्री सॉसेज भाजले. चव यथातथाच. सहा खाल्ले.
आमची एल्सी, वय वर्षं नऊ, म्हणाली, बाबा, तुला ट्रे मिळाला होता का रे कधी? म्हटलं, शेकड्यांनी. किर्स्टी चॉप उलटत म्हणाली, दोन. आणि एकदा लॉटरीत.

३ मे, शनिवार
एक गोल. झेल घेताना गुडघ्यातून असा आवाज आला की प्रतिस्पर्धी थांबून म्हणाला, काका, ठीक आहात ना?
काका!
पुढच्या झेलाला त्याला कोपर मारलं. पंचाने नेमकं तेवढंच पाहिलं.

१८ मे, रविवार
आज बायकांचा सामना बघायला गेलो, केवळ किर्स्टीच्या खेळातले दोष टिपायला. दोष असे:
झेल घेताना ओरडत नाही.
गोल झाल्यावर प्रेक्षकांकडे बघत नाही. सरळ जागेवर परत जाते. हा शुद्ध अहंकार.
नेम साधताना श्वास सोडते.
घरी येताना गाडीत सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, अरे रॉस, श्वास सोडायचा नाही तर काय करायचा? म्हटलं, मी धरतो. म्हणाली, म्हणूनच लाल होतोस वाटतं.
तिचे चार गोल. एक फटीतून गेला. तेवढा मात्र सुंदर होता.

७ जून, शनिवार
बेकरीत गेलो. ब्रेडसाठीच. काउंटरवरच्या म्हाताऱ्या बाईंनी निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, अगोबाई, तुम्ही किर्स्टीचे मिस्टर ना? या बाईंच्या समोर मी वीस वर्षांचा होतो तेव्हापासून खेळतोय. त्यांच्या छत्रीवर माझा चेंडू पडला होता.
पेस्टी घेतली. दोन. परिस्थितीच तशी होती.

१९ जून, गुरुवार
सरावानंतर आमचा प्रशिक्षक वेन लीबिखने बाजूला घेतलं. खांद्यावर हात ठेवला. खांद्यावर हात हे काही चांगलं लक्षण नव्हे. म्हणाला, रॉस, तुझ्या अनुभवाची दुसऱ्या संघाला गरज आहे.
म्हटलं, पहिल्या संघाला नाही?
म्हणाला, पहिल्या संघाला धावणाऱ्यांची गरज आहे, गड्या.
माझ्या जागी डार्सी नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा. त्याचं मला काहीच नाही. पोरगं चांगलं आहे. त्याच्या बायकोचे पाच-पाच गोल होत नाहीत.
घरी सांगितलं की दुसऱ्या संघाचं एका अर्थी नेतृत्वच माझ्याकडे आलंय. किर्स्टीने काही न बोलता माझ्या गुडघ्याला बर्फ बांधला. तिची ही सवय मला अजिबात आवडत नाही. भांडायला वाव राहत नाही.

९ जुलै, बुधवार
दुपारी गावच्या रेडिओवरून फोन. ट्रेगेन्झा आहेत का? म्हटलं, बोलतोय. अखेर जाग आली त्यांना! माझी कारकीर्द, गाजलेले झेल, गुडघ्याच्या दोन्ही शस्त्रक्रिया, पंचांचं राजकारण, सगळं सविस्तर सांगितलं. पलीकडची मुलगी फार लक्षपूर्वक ऐकत होती. शेवटी म्हणाली, थँक्यू हं, आता मिसेस ट्रेगेन्झांना देता का?
म्हटलं, ती पोस्टात आहे.
म्हणाली, मग तिकडेच करते.
संध्याकाळी मुलाखत लागली. साडेसात मिनिटं किर्स्टी. माझा उल्लेख एकदा: माझे पती पण खेळतात.
पण! हा ‘पण’ माझ्या घशात अडकलाय.

१३ जुलै, रविवार
एल्सीने गालावर चौदा नंबर रंगवून घेतला. किर्स्टीचा. म्हटलं, दुसरा गाल मोकळाच आहे की. म्हणाली, बाबा, तुझा नंबर पाच आता डार्सी घालतो ना?
किर्स्टीचे सात गोल. संघ तक्त्यात पहिला. पबमध्ये तिच्या नावाने लोक ओरडत होते. मी बिअर आणायला उठलो, तर कुणीतरी म्हणालं, अरे, नवरोबांना वाट द्या.
तिने एकदा तरी चुकावं. तिच्या भल्यासाठीच म्हणतोय. यश डोक्यात गेलं की माणूस बिघडतो. मी जवळून पाहिलंय.

२ ऑगस्ट, शनिवार
निर्णय घेतला. निवृत्ती. योग्य वेळी, शिखरावर असताना. तेवीस तारखेला घरच्या मैदानावर निरोपाचा सामना. म्हातारा गडी निवृत्त होतो तेव्हा दोघंजण त्याला खांद्यावर उचलून बाहेर नेतात, सगळं गाव मोटारींचे भोंगे वाजवतं. भाषण तयार करतोय. सुरुवात विनोदी, शेवट हळवा. मध्ये पंचांबद्दल थोडं.
किर्स्टीला सांगितलं. ती चक्क रडली. मला इतकं बरं वाटलं, की लाज वाटली.

२० ऑगस्ट, बुधवार
बायकांचा उपांत्य सामना रविवारवरून शनिवारवर आणला. शनिवार तेवीस. माझ्याच वेळेला. बार्ली हिलला, गाडीने तासाभरावर.
किर्स्टी म्हणाली, मी खेळत नाही, तुझ्या सामन्याला येते. मनापासून म्हणाली, तोंडदेखलं नाही. डेबला फोन करायला उठलीसुद्धा.
मी म्हटलं, छे छे, जा तू. संघ आधी.
ती म्हणाली, नक्की?
म्हटलं, नक्की.
तिने तिसऱ्यांदा विचारायला हवं होतं.

२३ ऑगस्ट, शनिवार
मैदानाभोवती सहा गाड्या. त्यातली एक बंद पडलेली, मार्चपासून तिथेच आहे.
शेवटच्या क्षणी झेल घेतला. खराखुरा, दोघांच्या डोक्यावरून. गोलच्या अगदी समोर. श्वास धरला. लाथ घातली. चेंडू खांबावर आदळला. एक गुण.
आम्ही बहात्तरने हरत होतो, एकाहत्तरने हरलो.
पोरांनी उचललं. दहा पावलांवर डार्सीच्या पाठीत उसण भरली. तो आमचा सामना बघायला थांबला होता बिचारा. मग खाली उतरलो आणि त्यालाच आधार देत बाहेर आणलं. दोन भोंगे वाजले. एक बहुतेक चुकून.
भाषण सुरू केलं तर रेडिओवर बार्ली हिलचा निकाल आला. किर्स्टीचे सहा. बायका अंतिम सामन्यात. सगळे नाचायला लागले. मीही टाळ्या वाजवल्या. हात दुखेपर्यंत वाजवल्या, कोणी बघत असलं तर म्हणून.

१४ सप्टेंबर, रविवार
अंतिम सामना. सगळं गाव लोटलं होतं. पोस्टातली दुसरी बाई, बेकरीची बाई, खाटीक, सगळे.
शेवटच्या मिनिटाला आपण दोन गुणांनी मागे. चेंडू उंच आला, किर्स्टी उडाली, झेलला. तेवढ्यात वेळ संपल्याचा भोंगा झाला. सामना संपला, पण झेल घेणाऱ्याला लाथ मिळतेच; फक्त तिची लाथ बाकी. तीस मीटर, अगदी समोरून. एल्सी अशी लाथ झोपेत मारेल. मी तर...
मी मनात म्हटलं: चूक गं.
खरंच म्हटलं. इथे कोणी वाचत नाही म्हणून लिहितो.
तिने श्वास सोडला. लाथ घातली. आणि चेंडू वळला. शेवटच्या हाताभर अंतरात वळला आणि फटीतून गेला. एक गुण. एकाने हरलो.
खाटीक रडत होता. बेकरीवाल्या बाई खुर्ची धरून उभ्या. मी सोळा वर्षांत किती चुकलो, एकाही खाटकाच्या डोळ्यात पाणी आलं नाही. बघा, चुकण्यातही हिचाच नंबर पहिला. एवढा विचार करून होईपर्यंत मी कुंपणावरून उडी मारलेली होती. गुडघ्याचं काय झालं, आठवत नाही. किर्स्टी गवतावर गुडघ्यांवर बसली होती. मी पोचलो. तयार भाषण आठवलं, पण ते माझ्यावर होतं.

संध्याकाळ
ती न्हाणीघरात टबाच्या कडेला बसून होती, पायात अजून बूट. म्हणाली, रॉस, तू इतक्या वेळा चुकलास. दुसऱ्या दिवशी उठून कामावर कसा जायचास रे?
सबंध मोसमात पहिल्यांदा कोणीतरी मला जाणकार म्हणून काहीतरी विचारत होतं. मी घसा खाकरला. उत्तर शोधलं. कामावर, धान्याच्या सायलोवर, सोमवारी सकाळी सात वाजता मी हजर असायचो, हे पक्कं. पण उठल्याचं काही केल्या आठवेना.
म्हटलं, मी कुठे उठायचो? तू उठवायचीस. चहा आणून द्यायचीस.
ती हसायला लागली, मग रडायला, मग दोन्ही एकदम. मी तिच्या बुटांच्या नाड्या सोडल्या. एक गाठ दातांनी सोडवावी लागली.
तिला म्हटलं, मी मनात चूक म्हणालो होतो. म्हणाली, माहितेय. माझ्या पाठीमागे उभं राहून तू जुलैपासून तेच म्हणत असणार. चेंडूला थोडंच ऐकू येतं?
निश्चय: उद्या तिच्या आधी उठणार. चहा करणार, तिच्या उशाशी नेऊन ठेवणार. काही बोलणार नाही. नुसता कप ठेवणार. गजर सव्वापाचचा लावलाय. हा निश्चय मोडायचा नाही. आजपासून मी वेगळा माणूस आहे.

१५ सप्टेंबर, सोमवार
साडेनऊला उठलो. किर्स्टी पोस्टात गेली आहे, एल्सी शाळेत. सायलोवर फोन करून तिने कळवलंय की मला उशीर होईल, गुडघा सुजलाय.
चहा उशाशी होता. वर बशी झाकलेली. गार झालाय.
पितोय.