मामंजींची सायकल दोनदा गेली

मु. हिवरा, औंढ्याच्या वाटेवर
फाल्गुन वद्य पंचमी

सौभाग्यवती शालूवैनींला, धाकल्या नणंदेचा म्हंजी रूपाचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. तुमची कंबर आता कशी हाय? दादाचा खोकला गेला का जिनातल्या कापसासंगं अजून उडूनच राहिला? आईचा गुडघा, काळी म्हैस आन शेजारच्या पार्वतीकाकू, तिघींची खुशाली कळवा. (तिघी बी सकाळच्याला कुरकुरतात, म्हणून एकाच वळीत पुसलं, आईला वाचून दाखवताना हे सोडून द्या.) मागल्या पत्रात तुमी लिवलं, की रूपे, चार वळींच्या वर तुझं पत्र काहून जात न्हाई, सासरी तोंड शिवलं का काय. तर वैनी, तोंडाचं तुमाला ठावंच हाय. मास्तरनी नाव पुसलं की मी पाटीमागं तोंड लपवायची, म्हणून तर तिसरीतून काढलं मला. पर कागद काय पुसत न्हाई, त्याच्यासमोर मला बोलता येतं. आन या खेपेला सांगायजोगं बी लई साचलंय.

आधी माझ्या सासूबाईंचं सांगते, मंग सायकलीचं. सासूबाईंचं नाव रुख्मिणीबाई, उंची माझ्या खांद्याएवढी, आवाज मात्र वेशीपर्यंत. तेन्ला अक्षर येत न्हाई, पर गावात कोनाच्या घरी काय शिजलं आन काय बिनसलं ते तेन्ला न वाचता समजतं. तेन्ची एकुलती लेक नीलाबाई, म्हंजी माझी नणंद, मी या घरी यायच्या आधीच्या भादव्यात गेली. बाळंतपणात अडली, गाडीत घालून वसमतला नेऊन राहिले होते, वाटंत ओढ्याला पाणी. गाडी अलीकडंच उभी ऱ्हायली. सासूबाई हे कदीच बोलत न्हाईत, मला पारुबाईनं सांगितलं. (पारुबाई म्हंजी आमच्या भिंतीपलीकडची. तिचं तोंड माझ्या वाट्याचं बी बोलतं.) तर सासूबाईंनी वसमतच्या मलिकाबी नर्सला गाठलं. ती म्हणली, मी हफ्त्यातले चार दिवस तुमच्या गावात ऱ्हाते, पर खोली पायजे आन खोलीवर पत्रे पायजेत, गळत्या छपराखाली मी बाळंतपण करीत न्हाई. वारंगा फाट्याच्या लोकांनी बी मला बोलावलंय, पाडव्यापर्यंत ज्याचे पत्रे चढतील त्याच्याकडं मी जाईन. भिंती तर सासूबाईंनी गावच्या बायका लावून माघातच उभ्या केल्या. मी सोता माती तुडवली. आडलं ते पत्र्यांपाशी. लढाई संपून वरीस झालं तरी पत्र्याचा भाव काय खाली यायला तयार न्हाई.

आता सायकल. वैनी, तुमी माझ्या लग्नात पाहिली असंल, मांडवाच्या खांबाला टेकवून, हंडीला घालतात तसा हार घातलेली. ती मामंजींची. लढाईच्या आधी नांदेडहून आणली. आणल्या दिवशी मारुतीसमोर बसायला गेले, तर धोतराचा सोगा साखळीत गेला, आन सायकल एकीकडं, मामंजी एकीकडं, धोतर तिसरीकडं. त्या दिवसापासून बसले न्हाईत. पर सोडली बी न्हाई. कुठं बी जायचं तर सायकल हातात धरून चालत जातात, वाटंत मानूस दिसलं की घंटी वाजवतात. (औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला बी असेच गेले, चालत, सायकल घेऊन. येताना दोघं बी दमले होते म्हणतात.) दर अमुशाला तिळाचं तेल लावून पुसतात, पोराला बी हात लावू देत न्हाईत.

हळदीचे व्यापारी कय्युमचाचा पोतं बघायला आले, तवा वट्यावर बसून सांगून राहिले होते, की मोठ्या शहरात दवाखान्यासाठी एक मोटारच चिठ्ठीवर लावली. चार आणे द्यायचे, नावाची चिठ्ठी टाकायची, ज्याची निघंल त्याची मोटार, आन पैसा सगळा दवाखान्याला. सासूबाई आत भाकरी थापत होत्या. थापायचा आवाज थांबला. मी मनात म्हणलं, झालं. सांजच्याला मामंजींच्या ताटात भाकर वाढली आन म्हणल्या, सायकल देऊन टाकली. मामंजींचा घास हातात. कोनाला? सासूबाई म्हणल्या, ते अजून ठरलं न्हाई, नाव निघंल त्याला. मामंजींनी तो घास तोंडात घातला, चावला आन एवढंच म्हणले, मीठ कमी हाय. वैनी, मीठ बराबर होतं. मीच घातलं होतं.

चिठ्ठ्यांचं काम माझ्यावर आलं, कारण आमच्या घरात मराठी अक्षर मलाच येतं. मामंजी उर्दू शाळेत शिकले, आन आमच्या ह्यांचं शिक्षण सगळं बैलांमागं झालं. मी सासूबाईंला हळूच म्हणलं, चिठ्ठीला आकडा घालू का, आन घेणाऱ्याला बी तसाच आकडा देऊ? त्या म्हणल्या, आकडा वाचतंय कोण इथं, नाव लिव आन मडक्यात टाक. ठीक हाय म्हणलं. पर वैनी, गडी मानसं काय चिठ्ठी घेईनात. बायकांच्या कारभारात चार आणे कोण टाकतंय, म्हणले. मंग सासूबाई हळदीच्या कढईपाशी गेल्या, बायका जिथं हळद शिजवून, वाळवून राहिल्या होत्या तिथं, आन मला पाटी, दऊत, कागद घेऊन मागं बसवलं. बायकांनी पदराच्या गाठी सोडल्या. पर बाईच्या नावानं सायकल कशी घ्यायची? चिठ्ठी नवऱ्याच्या नावाची पायजे. आन नवऱ्याचं नाव कोण घेतंय? एकेक बाई माझ्या कानाशी वाकायची आन म्हणायची, लिव, घरचे. दुसरी म्हणायची, लिव, आमचे हे. तिसरी, बाळूचा बाप. मला गावातल्या गड्यांची नावं ठावी न्हाईत, आन पुसायची कशी, मोठ्या बायकांला, की तुमच्या मालकांचं नाव काय म्हणून? मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. म्हणून त्यांनी सांगितलं तसंच मी लिवत गेले, वळणदार अक्षरात. मडकं भरलं. सासूबाई पुसायच्या, लिवतीस ना बराबर? मी मान हलवायची. खोटं तर मी काईच लिवलं न्हवतं.

बाजाराच्या दिवशी मारुतीच्या पारावर सोडत. मामंजींनी सायकल सोता धुवून आणली, कोनाकडं न बघता उभी केली. घंटी एकदा वाजवली, उगीच. पारुबाईच्या चार वर्साच्या पोरीनं मडक्यात हात घातला, कय्युमचाचांला मराठी वाचता येतं म्हणून चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावला, चिठ्ठी उलटी केली, सुलटी केली आन म्हणले, घरचे. मंग एक बाई मागून म्हणली, आमचेच ते. दुसरी म्हणली, तुमचे कसे, घरचे मी सांगितले होते. तिसरी म्हणली, तुमचे घरी असतात कदी? वैनी, मडकं पालथं केलं तर चौदा चिठ्ठ्या निघाल्या घरचेच्या. गडी मानसं हसायला लागली, पैसे वापस करा म्हणायला लागली, एक जण म्हणला, वारंग्याला निरोप धाडा, नर्स तुमचीच. मी पाराच्या मागं लिंबाच्या बुडाशी जाऊन बसले. वाटलं, नीलाबाईंच्या खोलीचे पत्रे मी खाल्ले.

सासूबाई तिथं आल्या. मला वाटलं आता बोलतील. त्या म्हणल्या, दऊत कुठं हाय? ऊठ. आन पारावर चढून सगळ्यांला ऐकू जाईल असं म्हणल्या, माझ्या सुनेनं तुमी सांगितलं तेच लिवलं, तिची चूक न्हाई, तुमच्या जिभांची हाय. आता या चौदा चिठ्ठ्या परत टाकायच्या. जिला टाकायची तिनं इथं चढून मालकांचं नाव घ्यायचं, सूनबाई लिवंल. सगळ्या बायकांनी पदर तोंडात धरला. मंग सासूबाई म्हणल्या, या चौदातली एक माझीच हाय, पयलं नाव मीच घेते. (ते खरं होतं. मामंजींनी चार आणे गुपचूप तेन्च्या हातात ठेवले होते, आन तेन्नी बी माझ्या कानात घरचेच सांगितलं होतं. पेटीतल्या सोन्यासारखी वस्तू, आपलीच आपल्याला चार आण्याला मिळती का बघू म्हणले असतील.) सासूबाईंनी पदर सारखा केला, मामंजींकडं न बघता सायकलीकडं बघितलं, आन खणखणीत म्हणल्या,

सायकल आणली नांदेडची, बसले न्हाईत कदी,
किसनरावांचं नाव घेते रुख्मिणी सगळ्यांच्या आदी.

वैनी, बाजार उठून पाराशी आला. भाजी टाकून मानसं आली. मामंजी लाल झाले, पर मिशीखाली हसून राहिले होते ते मी बघितलं. मंग काय, एकेक बाई चढली. ज्यांच्या चिठ्ठ्या घरचेच्या न्हवत्या त्या बी म्हणल्या आमाला बी नाव घ्यायचंय, आन सासूबाई म्हणल्या, घ्या की, चार आणे. जे गडी पैसे वापस मागून राहिले होते तेच आपल्या बायकोच्या तोंडून नाव ऐकायला चार आणे काढून देऊन राहिले. मी लिवून लिवून बोटं काळी केली. सांजपर्यंत पत्रेच काय, दाराच्या कडी-कुलपाचं बी भागलं.

आन दुसऱ्या खेपेला चिठ्ठी निघाली ती किसनरावांची. आता बोला. मागून आवाज आला, घरचं लगीन आन घरचीच वरात. मामंजी तोवर सायकलीच्या हँडलला हात लावून मोकळे झाले होते. सासूबाई तिथंच म्हणल्या, यांनी ती नर्सबाईला दिली, वसमतहून यायला. मामंजींनी तेन्च्याकडं असं बघितलं, की मला रडू आलं आन हसू बी. एकाच मानसाची एकच सायकल एकाच बायकोनं दोनदा दिली. पर ऐका, मलिकाबीला बी सायकलीवर बसता येत न्हाई. म्हणून आता दर सोमवारी मामंजी वसमतला जातात आन तिची औषधाची पेटी सायकलीला बांधून, हातात धरून, चालत आणतात. ती छत्री घेऊन मागून चालती. घंटी आता पयल्याहून जास्ती वाजती. पत्रे पाडव्याच्या चांगले वीस दिवस आधीच चढले.

सगळ्यांला माझा नमस्कार, लेकरांच्या गालाला हात.

तुमची,
रूपा

ता. क. वैनी, हे आईला वाचून दाखवू नका. मला दिवस गेलेत. तिसरा म्हैना. पयलं बाळंतपण माहेरी ऱ्हातं हे मला ठावं हाय, आईनं लुगडी बी बघून ठेवली असतील. पर मला इथंच, त्या खोलीत व्हायचंय. हे आईला तुमीच सांगा, तिला राग येणार. आन सासूबाईंला बी तुमीच पत्रानं कळवा, मला तोंड उचलत न्हाई. ह्यांला सांगा म्हणलं तर ते बैलांला पाणी पाजायला गेले, अजून आले न्हाईत.

आणखी एक. सासूबाईंला पत्र लिवू नका. आलेलं पत्र मलाच मोठ्यानं वाचून दाखवावं लागंल, हे आत्ता ध्यानात आलं.

आणखी. सासूबाई आत्ताच येऊन गेल्या. म्हणल्या, एवढं काय लिवून राहिलीस? मी म्हणलं, सायकलीचं. त्या म्हणल्या, तीन म्हैने झाले तू बाजूला बसली न्हाईस, मला काय दिसत न्हाई व्हय? मी पत्र्यांसाठी जीव काढून राहिले होते तो काय पाखरांसाठी? लिव तुझ्या आईला, पोरगी ओढा वलांडून कुठं जायची न्हाई. भांडायचं असंल तर भादव्यात ये म्हणावं, म्हैनाभर ऱ्हा, पोटभर भांडू.