पबात रांग लागली त्याची हकिकत

तीर्थस्वरूप हेस्टर आत्येस,

क्लेमंटचा गुडघेदुखीसह नमस्कार (जेवढं वाकता आलं तेवढं गोड मानून घे). तुझा दमा, तुझी मांजर आणि समोरची ती चोंबडी शेजारीण, तिघांची तब्येत कशी आहे? मी इकडे अगदी उत्तम. उत्तम म्हणजे, रोज संध्याकाळी सहाला घरी बसून चहा पितो. चहा, आत्या! गावात धडधाकट पब असताना!

कारण ‘तीन हंस’ची पायरी मी आता चढणार नाही. तुझी लाडकी धर्मकन्या रोवेना तिथली मालकीण झाल्यापासून पबात सुधारणा चालू आहेत, आणि सुधारणा म्हटलं की मी लांबूनच हात जोडतो. तिनं गालिचा बदलला, मी बोललो नाही (चाळीस वर्षांची बिअर जिरली होती त्यात, काढून टाकला बिचारा). सॉसेज आणि कुस्करलेला बटाटा ताटाऐवजी लाकडी फळीवर द्यायला लागली, ग्रेव्ही कडेनं ओघळून माझ्या विजारीवर आली, तरी बोललो नाही. उलट “वा, फारच छान” म्हणालो. आपल्या घराण्याचं वळणच तसं! पण गेल्या रविवारी मात्र डोक्यावरून पाणी गेलं.

तुला काय सांगायचं, पबात रांग नसते. बसथांब्यावर असते, पोस्टात असते, आपण एकटे असलो तरी असते. पण पबाच्या काउंटरवर नसते. तिथं कोपर टेकून ऐसपैस उभं राहायचं, छताकडे बघायचं आणि कोण कुणाआधी आलं हे मनात पक्कं धरायचं. चुकून आपल्याला आधी विचारलं तर शेजाऱ्याकडे बोट करून “आधी हे” म्हणायचं, त्यानं “छे छे, तुम्हीच” म्हणायचं. वेळ जातो, पण माणुसकी राहते. तर रविवारी डोंगर तुडवून आलेली एक टोळी आत शिरली (चिखलाचे बूट, हातात काठ्या, चेहऱ्यावर आरोग्य), आणि काउंटरपासून थेट दारापर्यंत एकामागे एक उभी राहिली. शाळेत उवा तपासायला पोरं उभी करतात तशी! रोवेना खूश. मी आपला नेहमीसारखा डाव्या टोकाला कोपर टेकून छत बघतोय, तर ही बया म्हणते, “क्लेमंटकाका, रांग तिकडे मागे आहे हो.”

म्हणजे मी घुसखोर! अगं, मला कुणी चोर म्हटलं असतं तरी हसून सोडून दिलं असतं. सगळी टोळी माझ्याकडे बघून चुकचुकायला लागली. आमच्या मूरियलनं तर कमालच केली. नवऱ्याची बाजू घ्यायची सोडून निमूट रांगेत जाऊन उभी राहिली, वर पुढच्या बाईशी पावसाच्या गप्पा! मग मी काय केलं? काहीच नाही. काउंटरमागे गेलो आणि माझा ग्लास माझा मीच भरायला घेतला. तेवढाच पोरीला हातभार. आता तो बिअरच्या नळाचा दांडा एवढा हिसका देईल हे मला काय स्वप्न पडलं होतं? जरासा फेस उडाला. थोडा सॉसेजवर, थोडा टोळीच्या म्होरक्याच्या चष्म्यावर आणि उरलेला सगळा रोवेनावर. त्यावर ती, तुझी गुणाची धर्मकन्या, सगळ्यांदेखत ओरडली, “व्हा बाहेर! माफी मागितल्याशिवाय पुन्हा तोंड दाखवू नका!”

माफी? आणि मी? जीभ झडली तरी मागणार नाही. माणसाला तत्त्व म्हणून काही असतं की नाही? मूरियल म्हणते, “मग प्या ते तत्त्व.” आणि रोज सहाला जाऊन खुशाल माझ्या जागेवर बसते. परत येते तेव्हा तिच्या कोटाला ग्रेव्हीचा वास येतो. खरं सांगू आत्या? तेवढं मात्र सहन होत नाही. घर खायला उठतं.

असो. मांजरीला माझ्या वतीनं कुरवाळ, शेजारणीला नको.

तुझा चहाबाज भाचा,
क्लेमंट

ता. क. : तू रोवेनाची धर्ममाता. तिला सहज एक फोन करशील का? मी सांगितलं असं कळू देऊ नकोस. काका खंगलाय, अन्नावरची वासना उडालीय, असं काहीतरी म्हण. माफीचा विषय मात्र काढायचा नाही.

आणखी एक ता. क. : फोन करू नकोस. पत्र टाकायला निघालो, तर कोपऱ्यावर रोवेना रिकाम्या बाटल्यांचं खोकं उचलून उलटी चालत आली आणि खोक्यासकट माझ्या बुटावर उभी राहिली. अंगठ्याचा चेंदामेंदा. आणि घराण्याच्या वळणानं माझ्याच तोंडून काय निघालं असेल? “माफ करा हं!” अख्ख्या गल्लीनं ऐकलं. मी सावरायच्या आत ती म्हणाली, “चला, मागितलीत एकदाची! या सहाला.” ती माफी फक्त अंगठ्यापुरती होती, असा खुलासा मी करणारच होतो. उद्या करीन. आज जरा लवकर निघतोय, रांगेत पहिला नंबर लागला पाहिजे.