त्विलरी राजवाड्याच्या जमिनी घासणाऱ्याचा राहिलेला जबाब

मी, सिल्वें तुर्नमीन, वय वर्षे एकाहत्तर, धंदा लाकडी जमिनींना मेण लावून चकाकी देण्याचा, राहणार शारोन रस्ता, पॅरिस, असे लिहून ठेवतो की माझे गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट जावई गास्पार याने 'लिहू नका' असे तीनदा बजावले, म्हणूनच आज लिहायला बसलो. मृत्युपत्राला कायद्याने माझ्या हातचा मजकूर पुरतो, साक्षीदार लागत नाहीत. मला लागतात.

कलम एक. माझ्या मालकीच्या दोन खोल्या, भांडीकुंडी व बचतीचे पुस्तक मुलगी ओदिल हिला द्यावे; गास्पारला नव्हे. अट अशी की कलम तीन तिने जेवणाच्या टेबलाशी, सूप वाढण्याआधी, गास्पार व मुलांसमोर मोठ्याने वाचावे. गास्पार उठून गेला तर तो परत येईपर्यंत थांबावे. तोवर कोणालाही सूप वाढू नये.

कलम दोन. पायाला बांधायचा ब्रश व मेणाचे भांडे शेजारी बॉनाफू यास. त्याच्या दुकानाची जमीन पाहवत नाही.

या ब्रशाने मी त्विलरी राजवाडा पंचेचाळीस वर्षे घासला, माझ्याआधी वडिलांनी. कातरीन राणीने वैधव्यात तो बांधायला घेतला, पण तिथे ती धड राहिली नाही. सोळाव्या लुईला जमावाने व्हर्सायहून इथे आणले. इथूनच तो बागेतून पायी निघाला, तो परतला नाही. नेपोलियन आला आणि गेला. अठरावा लुई तेवढा इथे आपल्या खाटेवर मेला; त्याच्या चाकाच्या खुर्चीचे चरे वडिलांनी घासून काढले. दहावा शार्ल बाहेर असतानाच लोक आत शिरले. लुई-फिलिप बागेतून गेला आणि त्याचे सिंहासन लोकांनी चौकात नेऊन जाळले. शेवटची सम्राज्ञी शेजारच्या लूव्र राजवाड्याच्या दालनांतून निसटली. राजे जायचे, चिखल आमच्या वाट्याला यायचा. मी कोणासाठी रडलो नाही. जमिनीसाठी मात्र जीव तुटायचा.

मुकादम रिगो याने शाही लग्नाच्या वेळी माझे काम आपले म्हणून दाखवून शाबासकी घेतली. तो वारला आहे. तरी क्षमा केलेली नाही.

कलम तीन. सन १८७१च्या मे महिन्यात शहर कम्यूनवाल्यांच्या, म्हणजे बंड केलेल्या पॅरिसकरांच्या, हाती होते आणि सरकारी फौज आत घुसली होती. माझा मुलगा आन्सेल्म, धंदा सुतारकाम, कम्यूनच्या बाजूने लढत होता. मंगळवारी, तेवीस तारखेला, त्याच्या बाजूची माणसे राजवाड्यात दारूगोळा आणि टर्पेंटाइन भरू लागली. मेण पातळ करायच्या टर्पेंटाइनचा माझ्या कोठीतला डबा मी एकाच्या हातून हिसकावला, तो माझ्याच अंगावर सांडला. तरी मी तिथून हलेना. तेवढ्यात आन्सेल्म मला शोधत आला.

"बाबा, चला."

"जमीन जळेल रे."

"जळू दे. जमीन राजांची आहे, तुम्ही आमचे आहात."

मी ऐकले नाही. त्याने मला पाठीवर घेतले आणि नदीपलीकडे नेऊन ठेवले. आम्ही तिथे असतानाच राजवाडा पेटला.

जूनमध्ये त्याला पकडले. त्याच्या कोटाला टर्पेंटाइनचा वास होता. लष्करी न्यायालयाने मला विचारले, मुलाला तुमची कोठी ठाऊक होती काय? मी म्हणालो, होती. हे खोटे नव्हते. पण वास माझ्या अंगावरून त्याला लागला, हे मी सांगितले नाही. राजवाडा गेल्याचा राग मला कोणावर तरी काढायचा होता आणि समोर तो उभा होता. त्याने माझ्याकडे एकदाच पाहिले. त्याला समुद्रापार कैदेत धाडले. नऊ वर्षांनी सगळ्यांबरोबर त्यालाही माफी मिळाली, पण माफी म्हणजे निर्दोष नव्हे. गास्पार आजही मुलांदेखत त्याला 'आगलाव्या' म्हणतो.

तरी मी शपथेवर लिहितो: आन्सेल्मने राजवाडा जाळला नाही. आग लागली तेव्हा तो मला वाहून नेऊन नदीपलीकडे माझ्याजवळ होता. या कलमाच्या नकला न्यायालयाला, नगरपालिकेला व त्याच्या कारखान्यातल्या सुतारांना माझ्या हयातीतच पाठवल्या आहेत. उत्तर येवो न येवो.

कलम चार. आन्सेल्मला मी काही ठेवत नाही. गैरसमज नको म्हणून कारण देतो. गेल्या महिन्यात राजवाड्याचे उरलेसुरले दगडही गाड्यांवर गेले, तेव्हा मी बेलव्हिलला त्याच्याकडे गेलो आणि खोल्या देऊ केल्या. तो रंधा मारत राहिला.

"खोल्या ताईला द्या. तिला लेकरं आहेत."

"मग तुला काय देऊ?"

"तेव्हा गिळलंत, ते बोला. मला नको, लोकांना सांगा."

सहीला येशील का, असे मी विचारले. तो म्हणाला, आधी वाचीन; खोटे असेल तर सही करणार नाही.

स्थळ पॅरिस, रविवार, १४ ऑक्टोबर १८८३.

सही: सिल्वें तुर्नमीन

साक्षीदार:
१. एमे बॉनाफू, मेणबत्तीवाला. ब्रश मिळाला.
२. आन्सेल्म तुर्नमीन, सुतार. सगळं वाचलं, खरं आहे. एक दुरुस्ती: बाबांना पाठीवर नव्हे, खांद्यावर टाकून नेलं. नदी येईपर्यंत ते लाथा मारत होते.